सत्कारानंतरची उडी

माझा सत्कार ठरला तेव्हा ती उडी मी आयुष्यात एकदाच मारली होती. तीही रागाच्या भरात. सत्कार करणाऱ्या आमच्या मराठी मंडळाला मी हे फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. पण आपल्याकडे एकदा शालीची ऑर्डर गेली की सत्कारमूर्तीचं कोणी ऐकत नाही.

उडी कसली ते आधी सांगते. इथे दुबईत एका मॉलच्या पोटात बर्फाचा डोंगर आहे. बाहेर उन्हानं गाडीचं स्टिअरिंग हातात धरवत नाही आणि आत माणसं कानटोप्या घालून नाकं पुसत असतात. या डोंगराच्या एका अंगाला बर्फ थापून केलेला उंचवटा आहे. पायांना लांबलचक स्की बांधून वेगानं त्याच्यावर जायचं, हवेत उडायचं, हवेतच अर्धी गिरकी घ्यायची आणि उलट्या तोंडानं खाली उतरायचं. म्हणजे टेकताना आपलं तोंड माथ्याकडे आणि पाठ उताराकडे. चाललोय कुठे ते दिसत नाही, आलो कुठून तेवढं दिसतं. या सगळ्या उपद्व्यापाला फ्रीस्टाइल स्कीइंग म्हणतात आणि ही त्यातली बालवर्गातली उडी समजतात. मी चाळिशी उलटलेली, जवळचा चष्मा लागलेली बाई. बालवर्ग सुटून मला बराच काळ लोटला होता.

खरं तर ती उडी माझी नव्हतीच, माझ्या मुलीची होती. ती आता आठवीत आहे. तिसरीत असल्यापासून ती या डोंगरावर जाते, आणि ती उडी ती इतक्या सहज मारायची, जशा दारात चपला काढाव्यात. मग गेल्या वर्षी एकदा पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, डॉक्टरांनी पाठ थोपटली. उडी मात्र गेली ती गेलीच. घरून निघताना गाडीत म्हणायची, "टुडे आय विल डू इट." चेहरा फुललेला असायचा. आणि वर पोचली की उंचवट्याच्या दिशेनं थोडी यायची आणि शेवटच्या क्षणी बाजूनं निघून जायची. कधी कधी तर उंचवट्याकडे बघायचीसुद्धा नाही. परतताना गाडीत खिडकीबाहेर तोंड करून बसायची.

मी डोंगरासमोरच्या काचेच्या अलीकडच्या कॅफेत कॉफी पीत दर आठवड्याला हे बघायचे. बघत राहणं माझ्या स्वभावात नाही. मी सल्ले द्यायचे. "एवढं काय आहे त्यात? आधी मारत होतीसच ना? डोळे मिटायचे आणि मारायची." हे मी कॉफीचा कप हातात धरून सांगायचे. ती बिचारी ऐकून घ्यायची. एकदा नाही ऐकलं तिनं. गाडीचा दरवाजा आपटून म्हणाली, "देन यू डू इट, मम्मा."

झालं. माझं डोकं फिरलं. "मारीन! तुला काय वाटलं? पण मी मारली तर तू मारशील?"

"डील," ती म्हणाली आणि हात पुढे केला. तोच, मोडून बरा झालेला. मी तो जरा जपूनच हातात घेतला.

माझ्या रागाविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढे त्याचा संबंध येतो. मी रास अल खोरला एका अवजड गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत खरेदी खात्यात आहे. दिवसभर फोनवर सप्लायर लोकांशी भांडायचं, आणि भांडण संपलं की त्यांच्याकडूनच माल घ्यायचा, हे माझं काम. गोदामातले दणकट गडी माझ्या केबिनकडे येताना आधी एकमेकांना विचारतात, "मॅडम का मूड कैसा है?" मला कशाचीही भीती वाटत नाही असा माझ्याविषयी सगळ्यांचा समज होता. सगळ्यांत मीही आले.

तो समज बर्फावर पहिल्याच दिवशी उतरला. आमची कोच लेबनॉनची, डोंगरातच वाढलेली, माझ्यापेक्षा वयानं बरीच लहान. तिच्याकडे सगळ्या प्रसंगांना पुरतील असे दोन शब्द होते. सुरू करायचं असलं की "यल्ला". झालं, पुरे, छान, किंवा संपलं सगळं, असं काहीही म्हणायचं असलं की "खलास". मी पडले की ती दोन्ही म्हणायची. पहिले काही महिने मी नुसती पडत होते. बर्फ मऊ असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा त्याच्यावर बसकण मारून बघावी. नवरा लांब रुवैसला रिफायनरीत असतो, शुक्रवारी संध्याकाळी घरी येतो. तो आला की मी त्याला निळे डाग दाखवायचे आणि तो क्लासच्या फीचे दिरहमचे रुपये करून हळहळायचा. हळहळ डागांची की रुपयांची, हे मला कधी कळलं नाही.

पण हळूहळू उतरायला जमलं, वळायला जमलं, थांबायला जमलं. मग तो उंचवटा आला.

खालून पाहिला तर तो आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढा. वरून पाहिला की त्याच्यापलीकडे काही नसतंच. जग तिथे संपल्यासारखं वाटायचं. मला मुलीला केलेला प्रत्येक उपदेश आठवायचा. डोळे मिटायचे म्हणे! उघडे ठेवायची पंचाईत होती.

त्याहून वाईट म्हणजे माझ्या हिमतीचा काही नेम नव्हता. एखाद्या दिवशी तारेवर लोंबणाऱ्या लिफ्टच्या खुर्चीत बसून वर जाताना मी गुणगुणायचे. आज मारणार, दोनदा मारणार. आणि दुसऱ्या दिवशी तीच मी, तीच खुर्ची, आणि वर पोचल्यावर पाय खुर्चीतून खाली टाकायला तयार नाहीत. कशामुळे हे कळेना. झोपेमुळे म्हणावं, तर उत्तम झोपूनही मी बाजूनं निघून जायचे. खाण्यामुळे म्हणावं, तर पोहे खाऊन एकदा वाघीण झाले होते आणि पुढच्या वेळी तेच पोहे खाऊन शेळी. मी एक हिरव्या मोज्यांचा जोड शुभ ठरवला. तो धुवायचं बंद केलं तेव्हा नवऱ्यानं हात जोडले. मुलीच्या बॅगेत तळाशी एक जुना फाटका हातमोजा मी पाहिला होता, तो कशासाठी जपलाय ते मला तेव्हा कळलं.

आणि मग तो गॅस्केटचा दिवस आला. इंजिनाच्या सांध्यांत बसवायच्या त्या चकत्यांचा आख्खा कंटेनर एका सप्लायरनं चुकीचा पाठवला होता आणि वर वाहतुकीचा खर्च आमच्या माथी मारत होता. मी दुपारपासून त्याच्याशी भांडत होते. संध्याकाळी बर्फात पोचले तरी डोक्यात भांडण चालूच होतं. उद्या त्याला काय सुनवायचं याची वाक्यं जुळवत मी लिफ्टनं वर गेले, वाक्यं जुळवत उतारावरून निघाले, आणि "वर आणखी खर्च मागतो, लाज नाही वाटत" इथवर आले तेव्हा मी हवेत होते. गिरकी कशी घेतली देवाला ठाऊक. टेकले तेव्हा समोर माथा होता आणि मी उलटी उलटी खाली घसरत होते. उभी! कोच दोन्ही हात वर करून "खलास! खलास!" असं ओरडत होती. मुलीनं मोबाइलवर सगळं टिपलं होतं.

मी थांबले, तोंडावरचा बर्फ पुसला आणि मुलीला म्हटलं, "बघितलंस? आता तुझी पाळी."

ती हसत होती, पण उंचवट्याकडे नजर गेली तसं हसू मावळलं. तिकडे बघतच म्हणाली, "वन्स इज लक, मम्मा. डू इट अगेन."

मला राग आला. हा काय प्रकार? डील म्हणजे डील. पण गाडी चालवता चालवता माझ्या लक्षात आलं. तिनं स्वतः ती उडी कितीतरी वेळा मारली होती. एकदा मारता येते की नाही हा तिचा प्रश्नच नव्हता. आलेली हिंमत निघून गेल्यावर पुन्हा येते का, एवढं तिला माझ्याकडून बघायचं होतं. आणि ते मला ठाऊक नव्हतं.

इकडे नवऱ्यानं रुवैसहून तो व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिला. मोबाइल फुलांच्या गुच्छांनी आणि टाळ्यांनी भरून गेला. समोरच्या फ्लॅटमधल्या आपा, मूळ रत्नागिरीच्या, गरम गरम सांदणं घेऊन आल्या आणि माझा गालगुच्चा घेऊन गेल्या. आणि दुसऱ्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष उम्म अल कुवैनला राहतात. तिथे फार शांतता आहे म्हणून असेल, पण बोलण्याची सगळी हौस ते फोनवर भागवतात.

"वहिनी, या वर्षीचा सत्कार तुमचा. नाव ठरलंय, 'वाळवंटातली हिमकन्या'."

"कन्या? अहो, मला गुडघेदुखीचं मलम लागतं."

"ते स्टेजवर कोणाला दिसतंय? आणि हे पाहा, यंदा वेगळं करायचंय. कमिटी स्वतः येणार, तुमची उडी लाइव्ह बघणार आणि तिथल्या तिथे सत्कार. शनिवार फिक्स केलाय."

"अहो, मी ती एकदाच मारली आहे. पुन्हा जमेल याची काही गॅरंटी नाही."

"वहिनी," ते गहिवरून म्हणाले, "हा विनय आजकाल दुर्मीळ आहे हो."

मी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला.

त्यानंतर उडी जी गायब झाली ती गायबच. मी सरळ हिशोब केला होता, रागात जमली, म्हणजे राग आणायचा. लिफ्टमध्ये बसल्या बसल्या मी त्या गॅस्केटवाल्याला फोन लावला. पण मेला नेमका सुधारला होता. "मॅडम, जैसा आप बोलो. खर्चा हमारा. और कुछ सेवा?" आता अशा माणसावर कोणी कसं चिडायचं?

मग नवऱ्यानं मदत करायचं ठरवलं. मी वर पोचले की तो रुवैसहून फोन करून मला चिडवणार.

"ऐक," तो घसा साफ करून म्हणाला, "तुझी आमटी माझ्या आईच्या आमटीपेक्षा पातळ असते."

"खरंच आहे ते."

"बरं, मग... तू गाडी वाईट चालवतेस."

"मागच्या महिन्यात दंड कोणाला झाला होता?"

"अगं, चीड ना! मी मीटिंग सोडून बाहेर उभा आहे उन्हात!"

मला एवढं हसू फुटलं की मी त्या हसण्यातच निघाले आणि उंचवट्याच्या अलीकडेच आडवी झाले. फोन खिशातून उडाला. बर्फात पडल्या पडल्या त्याचा आवाज येत होता, "आला का राग? हॅलो?"

कोच हे सगळं बघत होती. तिनं मला उठवलं, अंगावरचा बर्फ झटकला आणि म्हणाली, "हबीबी, यू आस्क टू मच." तिचं म्हणणं असं की मी वर पोचले की दर वेळी आधी आत डोकावून बघते, आज आहे का कॉन्फिडन्स? आणि डोकावून बघेपर्यंत वेग जातो. मग तिनं माथ्यावरच्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं. उडी घेतली की मान फिरवून मागे त्या दिव्याकडे बघायचं. डोळे जिकडे जातात तिकडे खांदे जातात, खांद्यांमागून सगळं अंग जातं. बाकी काही करायचं नाही. ऐकायला सोपं होतं. करताना मात्र पुढे पाताळ दिसत असताना मागच्या दिव्याकडे मान वळवायला छाती लागते आणि ती माझ्याकडे दिवसाआड असायची.

सत्काराच्या आदल्या दिवशी मी आपांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. त्या कोळंबी सोलत होत्या. सोलणं न थांबवता म्हणाल्या, "उडी पोरीसाठी मारतेस गो, की कमिटीसाठी?"

"पोरीसाठीच."

"मग कमिटीचा ताप कशाला घेतेस? त्यांना शाल घालायची आहे, घालून घे. थंडीत तेवढीच ऊब." आणि मग माझ्यापुढे ताट सरकवून, "नुसती बसू नको, सोल."

मी कोळंबी सोलली. डोकं जरा हलकं झालं, पण रात्री जेवताना मुलीनं "टुमॉरो?" असं विचारलंच. मी म्हटलं, "इन्शाल्ला." त्या शब्दाचा इथे किती भरवसा धरायचा हे इथल्या पोरांना चांगलं ठाऊक असतं. तिनं मान डोलावली आणि वरण वाढून घेतलं.

शनिवारी कमिटी आली. अध्यक्षांनी सूट घातला होता आणि त्यावर भाड्याचं जाड निळं जॅकेट. चिटणीसबाई पैठणीत होत्या. मंडळाचा बॅनर सिक्युरिटीवाल्यानं उघडूच दिला नाही, तो गुंडाळून एका खांबामागे उभा करावा लागला. पण चिटणीसबाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पर्समधून छोटं तबक काढलं. कुठल्याही मोठ्या कामाला निघणाऱ्याचं औक्षण झालंच पाहिजे, मग तो डोंगर मॉलमधला का असेना. निरांजन पेटवायला सिक्युरिटीवाला धावत येऊन नाही म्हणाला, तर यांनी बॅटरीवर चालणारी पणतीही आणली होती. माझ्या डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर जाड गॉगल. कपाळ म्हणून काही शिल्लक नव्हतं. त्यांनी शांतपणे कुंकू हेल्मेटला लावलं आणि वर अक्षता चिकटवल्या. तिकिटाच्या रांगेतले एक अरबी आजोबा थांबून कौतुकानं बघत राहिले.

कुंकवाच्या हेल्मेटनं मी वर गेले. खाली काचेमागे कमिटी ओळीनं उभी होती, मध्ये माझा नवरा. पहिल्या खेपेला मी उंचवट्यापर्यंत आले, आत डोकावून बघितलं, काही नव्हतं. बाजूनं निघून गेले. कमिटीनं टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा सराव.

दुसऱ्या खेपेला मी उडाले. मान मात्र वळली नाही, मी काचेकडेच बघत राहिले, तिकडे सूट, पैठणी आणि नवरा दिसत होता ना. अर्धी गिरकी अर्ध्यावरच राहिली. मी कुशीवर आपटले, तिथून पोटावर आले आणि हात पसरून घसरत घसरत थेट कमिटीच्या पुढ्यात काचेला येऊन टेकले. नाक काचेला लागलं. पलीकडे अध्यक्षांचा चेहरा होता, आणि तो आनंदानं फुलला होता.

कमिटीला वाटलं, हीच ती उडी. व्हिडिओ उघडून न बघताच सगळ्यांनी गुच्छ टाकले होते.

मी उठून बाहेर येईपर्यंत कॅफेतली टेबलं जोडून झाली होती. माझ्या ओल्या जॅकेटवर शाल पडली. जाड हातमोज्यांत नारळ दिला, तो दोनदा निसटला. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. "पोटावर उतरून, वेगावर ताबा ठेवून, बरोब्बर प्रेक्षकांसमोर येऊन थांबणं..."

"अहो, मी पडले!" मी न राहवून ओरडले.

"पाहा!" ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. "पडल्यासारखं वाटलं ना? तीच तर कला आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नवरा मफलर तोंडात कोंबून हसत होता. मलाही हसू यायला लागलं. खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. सुटले एकदाची! मंडळ खूश, शाल चांगली होती, फोटो निघत होते. कुणालाच काही कळलं नव्हतं.

मग मुलगी दिसली. ती स्कीचे बूट घालून थोडी लांब उभी होती. हसत नव्हती. माझ्याजवळ आली आणि अगदी समजुतीच्या सुरात हळूच म्हणाली, "इट्स ओके, मम्मा. वी कॅन गो होम."

त्या ओकेनं माझ्या काळजाला घरं पडली. वर्षभर ती बाजूनं निघून जाताना स्वतःला हेच सांगत आली असणार. आता ते ती मला देत होती. माझ्यावर राग नव्हता, तक्रार नव्हती. तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, हिंमत एकदा गेली की परत येत नाही, आणि ते तिनं शहाण्या मुलीसारखं मान्य करून टाकलं होतं.

मी शाल काढली आणि नवऱ्याच्या खांद्यावर टाकली. नारळ त्याच्या हातात दिला. "आलेच," म्हटलं. "तुम्ही फोटो काढा."

कोच दारातच होती. तिनं घड्याळ दाखवलं. "लास्ट रन."

लिफ्टच्या खुर्चीत मुलगी शेजारी येऊन बसली. मी रागावलेली नव्हते, हसू येत नव्हतं, पोहे खाल्ले नव्हते, आणि हिरवे मोजे तर आपांनी परस्पर धुऊन टाकले होते. भीती मात्र होती, भरपूर होती, पार दातांपर्यंत. वर उतरलो. मुलगी त्या लाल दिव्याखाली जाऊन उभी राहिली. मी आत डोकावून बघायला लागले आणि म्हटलं, जाऊ दे, असेल नसेल. आणि निघाले.

उंचवटा आला. पायांखालून गेला. मी मान वळवली आणि मागे दिव्याकडे बघितलं. खांदे आले, कंबर आली, पाय सगळ्यात शेवटी कुरकुरत आले. धाडकन टेकले. गुडघे पार दुमडले, हात वाऱ्यावर गेले, एक स्की उचलली गेली आणि परत खाली बसली. सुंदर नव्हतंच ते. पण मी उभी होते आणि उलटी उलटी खाली जात होते, तोंड माथ्याकडे.

म्हणून तर मला दिसलं. दिव्याखाली कोणी नव्हतं.

ती निघाली होती. इतक्या लगेच निघायचं नसतं, कोच केवढ्यानं तरी ओरडलीही, पण ती सरळ येत होती, बाजूला अजिबात न वळता. माझ्या तोंडात "सांभाळून!" आलं होतं. जन्मभर तेच तर ओरडत आले आहे. मी ते गिळलं. तिच्याकडे बघण्याच्या नादात आपल्यामागे उतार संपतोय याचं भान मला राहिलं नाही आणि मी पाठीनं कडेच्या जाळीत जाऊन अडकले. तिची उडी मी जाळीत लोंबकळत पाहिली. ती उडाली, वळली, टेकली. टेकली तेव्हा तिची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे तोंड दिसलं नाही. नुसते खांदे दिसत होते आणि ते गदागदा हलत होते. हसतेय की रडतेय हे ती येऊन माझ्यावर आदळेपर्यंत कळलं नाही. दोन्ही चाललं होतं. माझंही तेच.

मी काचेकडे पाहिलं. कमिटीच्या सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे होत्या. ग्रुप फोटो चालला होता. मधोमध माझा नवरा शाल पांघरून, नारळ धरून उभा होता. कोणी काही पाहिलं नव्हतं. व्हिडिओही नव्हता, कारण काढणारीच उडी मारत होती.

ती उठली. कॉलरमधला बर्फ झटकला, नाक बाहीला पुसलं. कोच घड्याळाकडे बघत होती. मग तिनं आमच्याकडे पाहिलं आणि लिफ्टवाल्याला अजून चालू ठेव अशी खूण केली.

मी जाळीत तशीच पडून होते. माझ्या लेकीला म्हटलं, "एकदा म्हणजे लक."

"यल्ला, आई," ती म्हणाली आणि मला उठवायला उजवा हात पुढे केला. मी तो घट्ट धरला, मुळीच न जपता, आणि माझं सगळं वजन त्याच्यावर टाकून उभी राहिले.